अव्वाच्या माठाचं बी

अहमदपूर,
कार्तिक शुद्ध पंचमी

तीर्थस्वरूप सौ. अक्कास,

धाकट्या कमलचे शरणार्थ. दाजींनाही सांग. पत्र बघून घाबरू नकोस, आमच्याकडं सगळे धडधाकट आहेत. दाजींची शुगर कशी आहे? मुखेडच्या नव्या घरात नळाला पाणी येऊ लागलं का? गुडघ्याला एरंडाचं पान गरम करून बांधत जा (तेलाचं बोट पुरे, वाटी पालथी करू नकोस, काम पानच करतं). फोनवरच बोलले असते, पण आमच्या घरात फोन स्पीकर लावून सगळ्यांनी ऐकायची पद्धत आहे आणि ही गोष्ट आमच्या यांच्या, म्हणजे शिवांशच्या आजोबांच्या कानावर जाऊन चालणार नाही.

तू आषाढातच म्हणाली होतीस, नांदेडच्या फ्लॅटमध्ये इतकी वर्षं तुळशीपुरती कुंडी होती, आता परस मिळालाय, अव्वाच्या माठाच्या भाजीचं बी पाठव. मी हाव, पाठवते म्हणाले. त्यावर श्रावण गेला, दिवाळी गेली. 'कमल बीसुद्धा हात आखडून देते,' असं तू रविकिरणजवळ म्हणालीस, तेही माझ्यापर्यंत पोचलं (तुझा लेक पोटात काही ठेवत नाही, दाजींवर गेलाय). मी काटकसरी आहे, नाही म्हणत नाही. पण आपल्या आईच्या, अव्वाच्या बियाला मी हात आखडेन का? बी माझ्याजवळ नाही, अक्का. चिमूटभरसुद्धा नाही. कसं नाही, ते ऐक.

अव्वाचा माठ तुझ्या डोळ्यासमोर असेलच. बाजारातला तांबडालाल नव्हे. हिरवं पान आणि मधोमध कुंकवाचं बोट टेकवल्यासारखा ठिपका. वाफ्यातली सगळ्यात जोमदार ताटं ती बियाला राखायची आणि त्यांना जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधी बांधलेल्या झाडाला अप्पासुद्धा हात लावायचे नाहीत, मग पाव्हणे दारात उभे असोत नाहीतर घरात दुसरी भाजी नसो. तुरे वाळले की सुपात चुरायचे, पाखडायचे, आणि आपण दोघींनी समोर बसून कोंडा फुंकायचा. तू मुद्दाम जोरात फुंकायचीस म्हणून तुला उठवलं जायचं (तू विसरली असशील, मी नाही). खाली उरायचं ते काळं चकचकीत बी, मोहरीहून बारीक. ते गोवरीच्या चाळलेल्या राखेत कालवून गाडग्यात भरायचं, म्हणजे कीड लागत नाही आणि पेरताना मूठही सारखी पडते. वर फडकं, फडक्यावर चिखल. तुझ्या लग्नात ओटीतल्या नारळाखाली तिनं पुरचुंडी ठेवली, तशी माझ्याही. मला तेव्हा लाजच वाटली, सासरचे म्हणतील पोरीला राख दिली. आता दरवर्षी पेरणीला त्या राखेत हात घातला की वाटायचं, अव्वा पाठीशी उभी आहे आणि हळू फुंक म्हणतेय.

मीही सगळं तिच्यासारखंच करत आले. दोडका खडखड वाजेपर्यंत वेलावरच ठेवते, वाळकाच्या बिया शेणात थापून भिंतीला लावते. लावत होते म्हण. दामिनीनं (आमची सून, स्वभावानं गरीब पण स्वच्छतेला फार कडक) सगळीकडं टाइल्स बसवून घेतल्यापासून माझ्या थापट्यांना भिंत उरली नाही. त्यात औंदा पेरणी व्हायच्या आधीच उंदरानं माठाचं गाडगं पाडलं. राख-बी मी सुपात भरून घेतलं, पण आता ठेवायचं कशात? घरात रिकामा डबा असताना नवं गाडगं आणणं माझ्याच्यानं होत नाही. श्रीशैलहून भस्म आणलं होतं तो पत्र्याचा डबा निघाला, झाकण घट्ट, वर मल्लिकार्जुनाचं चित्र. भस्म संपून किती वर्षं झाली. धुतला, उन्हात वाळवला, बी भरलं आणि देवघराच्या वरच्या फळीवर ठेवला. (देवाजवळ उंदीर येत नाही असं नाही, पण जरा लाजतो.)

श्रावणी सोमवारी आमच्याकडं गल्लीतल्या बायकांचं भजन असतं. नेमकी त्याच दिवशी मला लातूरला पुतणीच्या डोहाळजेवणाला जावं लागलं. सगळं लावून दिलं होतं, फक्त देवघरातलं भस्म संपत आलंय हे सांगायचं राहिलं. यांनी वर बघितलं, तर मल्लिकार्जुन दिसला. आधी स्वतःच्या कपाळाला तीन पट्टे ओढले, मग आलेल्या प्रत्येकीला कागदात पुडी बांधून दिली, श्रीशैलचं आहे म्हणून दोन्ही हातांनी. कुणीतरी विचारलं म्हणे, यात काळं काळं काय आहे? तर म्हणाले, तिथली मातीच तशी असते. (पूजेला चष्मा काढून बसतात. देव जवळचा असतो म्हणे.)

मी संध्याकाळी येऊन बघते तर डबा घासून पालथा घातलेला, आणि यांच्या कपाळावर अव्वाचा माठ. बोट ओलं करून मी एकेक बी टिपू लागले. लग्नाला एवढी वर्षं झाली, मी आपणहून कपाळाला हात लावला म्हणून हे डोळे मिटून बसले, मी काय करतेय हे विचारलंसुद्धा नाही. ते बी कुंडीत टाकलं, उगवलंही. आठ दिवसांनी दामिनी म्हणाली, आत्या, कुंडीत गवत माजलं होतं, मी उपटून टाकलं.

आता तुला वाटेल, गोष्ट संपली. पण राहिलेलं भस्म आपल्यात पायदळी टाकत नाहीत, तुळशीत घालतात. शेजारच्या साखराबाईनं तेच केलं. भादव्यात तिच्या वृंदावनात रोपं वर आली आणि प्रत्येक पानावर कुंकवाचं बोट. सगळी गल्ली लोटली. एकजण माठ म्हणाली, तर साखराबाईनं तिला गप्प केलं, माठ कधी श्रीशैलच्या भस्मातून उगवतो का म्हणून. रोज हळदकुंकू, रोज निरांजन. आणि शिवांशच्या आजोबांचं काय सांगू? आता आमच्या किराणा दुकानात येणाऱ्या बाया आधी त्यांच्या हातचं भस्म मागतात, मग साखर. त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज आलंय की खरं सांगायला माझी जीभ रेटत नाही. (गोवरीची राख ती गोवरीची राख. भस्म तरी दुसऱ्या कशाचं असतं? महादेव समजून घेईल. साखराबाई घेणार नाही.)

तुरे आता काळपट पडू लागलेत. मी जाऊन मूठभर बी मागून बघितलं.

"कमलम्मा," ती म्हणाली, "देवाच्या झाडाचं बी काढत असतात का? जिथं पडलं तिथं जिरू द्यावं."

"जिरलं तर पुन्हा उगवेल कशावरून?"

"त्याच्या मनात असलं तर उगवेल. तुमच्याच घरचा परसाद, अन् तुम्हालाच विश्वास न्हाई?"

मी घरी येऊन भाकऱ्या थापल्या. अक्का, शेजारच्या अंगणात अव्वा उभी आहे आणि मला तिला हाक मारता येत नाही, असं झालंय. दाजींना जप. लेकरांना आशीर्वाद.

तुझी धाकटी,
कमल

ता. क. साखराबाई मला देत नाही, पण परगावची थोरली सवाष्ण दारात आली तर ती रिकाम्या ओटीनं कधी जाऊ देत नाही. तेवढ्यासाठी तू ये. अहमदपूरची गाडी सकाळी मिळते. खण-नारळ दाखवला तर नको म्हण आणि तुळशीतला एक तुरा पदरात मागून घे. खोटं काही बोलायचं नाही, फक्त अव्वाचं नाव काढायचं नाही. निम्मं बी तुझं, निम्मं माझं. गाडगं मी नवं विकत आणते.

आणखी एक. पत्र चिकटवणार इतक्यात साखराबाईच्या सुनेनं प्रसाद म्हणून वाटी पाठवली. खालची कोवळी फूट खुडून भाजी केलीय, लसणाची फोडणी घालून. यांनी घास घेतला आणि म्हणाले, ही चव तुमच्या अव्वाच्या हातची. मी मान वर केली नाही, भाकरी वाढली. पण वाटी परत द्यायला गेले तर ती सून पुन्हा वृंदावनाजवळच, हातात परडी. तिला चव लागलीय, अक्का. पत्र मिळताच नीघ.