राणीचा शेवट आणि सोळा पानं कोंबड्या

४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

माझ्या कादंबरीची पहिली आवृत्ती संपली. माझ्याकडेसुद्धा प्रत उरलेली नाही. दुसरी काढायला प्रकाशक तयार आहेत, पण शेवट बदला म्हणतात. राणीचं कापलेलं डोकं पिशवीत घालून जल्लाद तिच्या धडाच्या शोधात सात राज्यं पालथी घालतो आणि डोकं वाटभर त्याला फैलावर घेतं, इथपर्यंत ते पोट धरून हसले. पण धड सापडल्यावरही राणी मरते, हे त्यांना सोसत नाही. डोकं जोडा आणि तिला उठवा, एवढाच हट्ट धरून बसलेत.

ही राणी कोण, ते तुला सांगायला नको. शेवटचे आठ महिने आईचं मानेखालचं काही हलत नव्हतं आणि जिभेने मात्र तिने आपल्या सगळ्यांना कामाला लावलं होतं. खरं सांगायचं तर लिहायला बसलो की मलाही वाटतं, उठवावी. कागदावर कोण अडवणार आहे?

अभिप्राय लिहिल्याशिवाय पुढचं पुस्तक द्यायचं नाही, हा तुझ्या ग्रंथालयाचा नियम. तेव्हा अभिप्रायांच्या वहीत माझ्याबद्दल काय आलंय ते कळव. बहुमत होईल तसं करीन. तू मागे शेवट छान आहे एवढंच लिहिलं होतंस. सविस्तर लिही.

लोभ आहेच, थोडा पत्रातही दिसू दे.

तुझा
लांब्या

११ फेब्रुवारी

चि. लांब्यास,
अ. उ. आ.

वही उघडली. आता मन घट्ट कर.

दातांचे डॉक्टर लिहितात की फुप्फुसं नसताना डोकं बोलणं अशक्य आहे. त्याच पुस्तकातली उडती बोट आणि कर भरणारी भुतं त्यांनी बिनतक्रार गिळली आहेत. निवृत्त मुख्याध्यापिकांच्या मते मेलेल्यांनी विनोद करणं शोभत नाही; जिवंतपणीही त्यांना कुणी केलेला चालत नसे, हे मी त्यांची विद्यार्थिनी म्हणून सांगते. विमा एजंटांना एवढीच रुखरुख आहे की जल्लादाने इतक्या जोखमीच्या धंद्यात स्वतःची काहीच सोय केलेली नाही.

शेवटाबद्दल म्हणशील तर वहीतल्या अकराजणांपैकी नऊजण नाराज आहेत. डॉक्टरांना तो घाईचा वाटला, मुख्याध्यापिकांना निराशाजनक. एजंटांना प्रतीकात्मक वाटला, पण आवडला नाही. बाकीच्यांनी वरच्यासारखंच म्हणून सह्या ठोकल्या आहेत. एकंदरीत राणीला उठवावं असंच सगळ्यांचं म्हणणं आहे. तूही फार ताणू नकोस, उठव तिला.

तब्येतीला जप. लोभाचं म्हणशील तर तो या वयात आटत नाही.

तुझी
मावशी

१६ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

नऊजण म्हणजे पंचांचा निकालच झाला. नवा शेवट लिहायला घेतला आहे. राणी उठून बसली, दोन पावलं चालली. लिहिताना बरं वाटलं आणि वाचताना लाज वाटली, पण लाजेला विचारतंय कोण. येत्या सोमवारी प्रकाशकांकडे जाऊन सही करतो.

डॉक्टरांना सांग, दुसऱ्या आवृत्तीत राणीला फुप्फुसं मिळणार आहेत. लोभ त्यांचाही असू दे.

लांब्या

१९ फेब्रुवारी

चि. लांब्यास,
अ. उ. आ.

सही करू नकोस.

तुझं पुस्तक काल रुग्णालयातल्या आयाबाईंनी परत आणलं. रुग्ण गेला की त्याला पुसून, नीट करून घरच्यांच्या हवाली करणं हे त्यांचं काम. अभिप्राय न लिहिताच त्यांनी पुस्तक माझ्यासमोर आपटलं आणि विचारलं, की विहिरीत राणीचं धड सापडतं आणि पान उलटलं की कोंबड्यांना दाणा किती वेळा घालावा हे कसं काय सुरू होतं. मी पाहिलं. तू पाठवलेल्या या प्रतीत बांधणी करणाऱ्याने शेवटची सोळा पानं कुक्कुटपालनाच्या पुस्तकाची लावली आहेत. राणीचा शेवट त्यात नाहीच.

म्हणजे जो शेवट अकराजणांपैकी कुणी पाहिला नाही, तो नऊजणांना पटला नाही आणि दोघांना आवडला. घाईचा, निराशाजनक, सगळं कोंबड्यांबद्दल. प्रतीकात्मक म्हणणारे एजंट निदान पान उलटून तरी गेले. जाब विचारला तर डॉक्टर म्हणाले, एवढ्या जाड पुस्तकाचा अंदाज येतोच. तीस वर्षं मी या वहीचा तोरा मिरवला.

पण त्यांना काय हसायचं? लांब्या, मीही वाचला नव्हता. विहीर आली आणि मी पुस्तक मिटलं. पुढे काय असणार ते मला माहीत होतं. तुला छान म्हणून लिहिलं ते खोटं होतं. उठव तिला म्हणाले ते मात्र माझ्याच मनातलं होतं. उगाच नऊजणांच्या आडून बोलले. माझं चुकलं.

रागाव, पण लोभ सोडू नकोस.

मावशी

२३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

सही लांबणीवर टाकली. प्रकाशक महिनाअखेरपर्यंत थांबतील, त्यापुढे नाही. माझ्या हस्तलिखिताच्या मूळ वहीतून सोळाही पानं उतरवून सोबत पाठवली आहेत. आयाबाईंना दे. तुला झेपत असेल तर तूही वाच. कोंबड्यांचं पुस्तक विकत घेतलेला कुणी या घडीला राणीच्या शेवटाने हादरला असेल, त्याची मला काळजी वाटते.

रागावलो आहे. लोभ तरीही शाबूत आहे.

लांब्या

२७ फेब्रुवारी

चि. लांब्यास,
अ. उ. आ.

आयाबाईंनी सगळी पानं टेबलापाशी उभ्या उभ्या वाचली. म्हणाल्या, राणी मेली तेच बरोबर आहे. घरचे लोक गेलेल्याला ऊठ ऊठ म्हणतात ते स्वतःसाठी, त्याला कुणी विचारत नाही. त्यांची तक्रार वेगळीच निघाली. राणीचे डोळे मिटून जल्लाद सरळ चालू लागतो, हे त्यांना खोटं वाटलं. पहिल्या वेळी माणसाचे हात कापतात, सदऱ्याचं बटणसुद्धा लागत नाही. त्याला कुणीतरी बसवायला हवं होतं, असं म्हणून त्या कामावर गेल्या.

मग कुलूप लावून मी वाचायला घेतलं. राणी धडाकडे बघून म्हणते की हे आता आपल्या मापाचं राहिलं नाही, जल्लादाने उगाच ओझं उचलू नये; आणि डोळे मिटायला सांगते तेही आधी हात धुऊन ये म्हणून. अरे, ही ताईच. मी हसले, आणि मग बराच वेळ रडले. तिला उठवू नकोस. दुसरी आवृत्ती जात असेल तर जाऊ दे.

जल्लादाचंही काही बदलू नकोस. तू ताईचे डोळे मिटलेस तेव्हा मी दाराबाहेर उभी होते. तू माझ्यासमोरून सरळ निघून गेलास आणि मी तुला बस म्हटलं नाही. लोभ कमी नव्हता रे, धीर कमी पडला.

तुझी
मावशी