घाटातली चार मिनिटं

डेन्व्हर, १४ नोव्हेंबर
सकाळचे आठ

प्रिय बेनिता,

मी खाली हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसलेय, तू वर नातीपाशी. मग पत्र कशाला, म्हणशील. म्हण. मारिसेलाने काही खाल्लं का? ओली बाळंतीण आहे ती, नुसत्या कॉफीवर ठेवू नकोस. तुझे मक्याचे तमाले पोचले. माझ्या ताईने नात वाचवली, असं गावी साऱ्या अलामोसाला सांगत सुटलीस म्हणे. डबा अजून उघडलेला नाही.

काल फोनवर तू डॉक्टरांचं बोलणं सांगितलंस. "गॅस चालू असतानाच पोर घाटात निळी पडली, म्हणजे तिला तो लागू पडत नाही. उद्या नऊला बंद करतो." तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

पोटात असताना बाळाच्या फुप्फुसांत रक्त फारसं जात नाही. जन्मल्यावर तिथल्या रक्तवाहिन्या सैल व्हाव्या लागतात, आणि त्यासाठी शरीर स्वतःच नायट्रिक ऑक्साइड तयार करतं. आपल्या पोरीच्या आवळलेल्याच राहिल्या, म्हणून तोच वायू, म्हणजे हा गॅस, नळीतून द्यायचा. आणि एकदा सुरू केला की झटक्यात तोडायचा नाही, नाहीतर त्या पहिल्यापेक्षा घट्ट आवळतात. नव्या नर्स मुलींना हे मी अठ्ठावीस वर्षं शिकवतेय. मी!

पोरीला अलामोसाहून इथे आणायला वाऱ्यामुळे हेलिकॉप्टर आलं नाही, तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्समध्ये हट्टाने मीच बसले. आपली पोर परक्याच्या हाती देणार नाही म्हणाले. निघताना या गॅसचा दुसरा सिलिंडर उघडून पाहिला. भरलेला होता. सवयीने परत बंद केला. ऑक्सिजनचे आम्ही तसेच ठेवतो, गळून वाया जाऊ नयेत म्हणून. हा मात्र उघडाच ठेवायचा असतो. पहिला संपला की यंत्र आपोआप दुसऱ्यावर जातं.

घाटात पहिला संपला. यंत्र ओरडायला लागलं. खड्ड्यांमुळे असेल म्हणून मी बटण दाबून त्याला गप्प केलं. तिच्या रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा नव्वदवरून चाळीसवर आला. हाताने श्वास देत राहिले आणि तिच्याकडेच बघत बसले, सिलिंडरकडे नाही. चार मिनिटं, बेनिता. मग आठवलं. दुसऱ्या सिलिंडरची चावी फिरवली, आणि हळूहळू ती गुलाबी झाली.

इथे दिलेल्या कागदावर, ती निळी का पडली त्यापुढे, मी लिहिलं, "उंचीमुळे." त्या एका शब्दावर विसंबून ते आज गॅस बंद करताहेत.

तिला गॅस लागू पडतो. तो नव्हता म्हणून ती निळी पडली. आता तोडला तर घाटातलंच पुन्हा होईल.

हे कँटीनमधल्या बाईच्या हाती वर पाठवतेय. तुझ्यासमोर उभं राहायची छाती नाही. वाच आणि तसंच डॉक्टरांच्या हातात ठेव. साडेआठपर्यंत खाली कुणी आलं नाही, तर मी स्वतः वर येऊन सांगेन.

त्या चार मिनिटांनी तिच्या मेंदूचं काय केलं, हे अजून कुणालाच कळलेलं नाही. मलाही नाही.

यापुढे ताई म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

ओफेलिया