सीताकाकीची पुसलेली कॅसेट

प्रिय सीताकाकी,

उद्या तुझं बारावं. काल तुझी सून कापडे गावाहून माझ्या महाडच्या कॅसेटच्या दुकानात आली. "भावोजी, आईंच्या गाण्यांची कॅसेट द्या. घरातली त्यांनी केव्हाच कुणाला तरी देऊन टाकली. बाराव्याला लावू या." मी 'शोधतो' म्हणालो. तिला जे सांगता आलं नाही, ते आधी तुला लिहितोय.

तू स्वतः रचलेली आठ गाणी मीच भरली होती, भरदुपारी, दुकानाचं शटर ओढून. 'डोंगरा, बस की खाली, माझे पाय दमले' या ओळीवर मी तुला थांबवलं. "काकी, धाप ऐकू येते. परत म्हण."

"चढणीचं गाणं हाय रे दिल्या. धाप नाय लागणार तर काय ढेकर येईल?"

परत म्हटलं नाहीस.

चाळीस कॅसेटी काढल्या. चारदोनच विकल्या गेल्या. गणपतीला मुंबईकर आले, त्यांना जाखडीची नाचगाणी हवी होती आणि माझ्याकडच्या कोऱ्या कॅसेटी संपल्या होत्या. मी तुझ्या उरलेल्या कॅसेटींवरच, मूळ कॅसेटसकट, जाखडी भरली. तू विचारलंस, "खपल्या का रे?" मी हसून म्हणालो, "सगळ्या खपल्या." पोलादपूरच्या बाजारात तू भेटेल त्याला सांगायचीस, "माझी गाणी मुंबईला गेली." ते ऐकूनही मी गप्प कसा बसलो गं?

"दुसरी कधी भरायची?" असं दर वर्षी विचारायचीस. मी 'बघू' म्हणायचो. मग तू विचारणंच सोडलंस. रागावली का नाहीस कधी?

काल रात्रभर माळ्यावरच्या कॅसेटी लावून पाहिल्या. सगळीकडे जाखडी. एकीवर ती लवकर संपली आणि पुढे तू निघालीस. अडीच गाणी उरलीत. रस्त्यापलीकडची ढोलकी सुरातून जरा उतरली तरी मला कळतं, अशी माझी फुशारकी. पण तुझं गाणं मी काल पहिल्यांदा ऐकलं. लेकीच्या पाठवणीच्या गाण्यात तू रडत नाहीस, तिचं लुगडं टांगायच्या रिकाम्या खुंटीशी बोलतेस, तेही हळू, शेजारणीला ऐकू जाऊ नये तसं. आणि ती धाप काढली असती, तर डोंगरच उरला नसता.

उद्या ती अडीच गाणी लावीन. पण त्याआधी सगळ्यांसमोर उभा राहून सांगेन, की काकीची गाणी मुंबईला गेली नव्हती, मी पुसली. तुझी सून, तुझा गाव, जे बोलतील ते ऐकून घेईन. त्यानंतर कुणी 'बस जेवायला' म्हणालं, तरच पंगतीला बसेन.

तुझा,
दिल्या