ब्लँकमधली रेघ

२ फेब्रु., सोम.
पाच विहिरी, पाच नळ्या. आमच्या गावच्या, धाडच्या पाण्याच्या बाटल्या बाबांनी स्वतः एसटीत ठेवून दिल्या, कंडक्टरला दोनदा बजावलं म्हणे. सहावी नळी ब्लँक. तिच्यात निव्वळ शुद्ध पाणी, काहीच निघायला नको. तरच बाकीच्या पाचांवर विश्वास ठेवायचा. सकाळपासून लाईट नाही, डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र बंद, कॅन कोरडा. सर चारला लॅबला कुलूप लावणार. शेवटी हॉस्टेलच्या व्हरांड्यातल्या फिल्टरचं भरलं. आम्ही सगळ्या तेच पितो. रजिस्टरमध्ये ‘डिस्टिल्ड’ लिहून टाकलं. कोण बघतंय.

४ फेब्रु., बुध.
नळ्यांतले नमुने जेलवर चालवले, त्याचा फोटो आला. मैल्यातल्या जंतूचा जीन असला की रेघ चमकते. दोन विहिरींत पुसट, तीनमध्ये नाही. ब्लँकमध्ये सगळ्यांत ठळक!
सर म्हणाले, ‘विहिरी बऱ्या, तुझेच हात घाण. पुन्हा कर.’ वर्ग हसला. मीही हसले.
जिन्यात आल्यावर पाय थांबले. मी हात दोनदा धुतले होते. म्हणजे रेघ फिल्टरच्या पाण्याची.

९ फेब्रु., सोम.
पुन्हा केलं, खऱ्या डिस्टिल्डनं. ब्लँक स्वच्छ. सर खूश. प्रोजेक्ट विद्यापीठाच्या प्रदर्शनाला जाणार. पहिला फोटो फाडून टाक म्हणाले. फाडला नाही, उशीच्या अभ्र्यात आहे.
बाबांना फोन केला. त्यांनी लगेच गावभर सांगितलं असणार.
पाणी आता दुकानातून आणते. रूथनं (रूममेट, चिखलीची) बाटली बघितली. ‘काऊन बे वैशे, फिल्टरचं पाणी आता चालत नाही का तुले? राणीसाहेब झाली का?’ पोट बिघडलंय म्हटलं. ती तिची बाटली भरायला गेली. हाक मारायला तोंड उघडलं होतं मी. पण खरं सांगायचं तर रजिस्टरचंही सांगावं लागतं, अन् प्रोजेक्ट...

१२ फेब्रु., गुरु.
वॉर्डन सिस्टरना एवढंच म्हटलं, पाण्याला वास येतो. त्यांनी माणूस बोलावला. त्यानं फिल्टरची कांडी बदलली, दहा मिनिटांत गेला. सिस्टर म्हणाल्या, ‘झालं समाधान?’
मागे जाऊन बघून आले. फिल्टरला पाणी येतं त्या जमिनीतल्या टाकीचं झाकण एका कोपऱ्यात फुटलंय. तिथून चार हातांवर संडासाचं चेंबर. मधली माती ओली, आणि गेले आठ दिवस कडक ऊन आहे.

१८ फेब्रु., राखेचा बुधवार
सकाळच्या प्रार्थनेला फादरनी सगळ्यांच्या कपाळाला राख लावली. आम्हा हिंदू पोरींना सक्ती नसते, मी मागे उभी. आज ख्रिस्ती लोकांचा उपास, रूथचाही. इतर जणी एकदा जेवतात. हिनं नवस केलाय, दिवसभर नुसत्या पाण्यावर. तिसऱ्यांदा बाटली भरून आणली तेव्हा मी म्हटलं, ‘नको पिऊ.’
‘काऊन?’
‘गार आहे. घसा धरेल.’
‘मरत नाही मी,’ म्हणाली अन् माझ्यासमोर गटागटा प्यायली. मी पुस्तकात बघत बसले. लाज वाटते लिहितानाही.

२३ फेब्रु., सोम.
रूथला चार दिवस उलट्या. आज डोळे पिवळे. तिचे पप्पा येऊन घेऊन गेले. कावीळ. खालच्या मजल्यावरच्या आणखी दोघी आजारी.
असेंब्लीत सिस्टरनी जाहीर केलं, बाहेरचं खाणं बंद. गेटवरच्या पाणीपुरीवाल्याला शिपायानं हाकललं. तो ‘मेरा क्या कसूर, मॅडम’ म्हणत गाडा ढकलत गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी. चोर तिसऱ्या रांगेत उभी होती, वेणी घालून.

२६ फेब्रु., गुरु.
सरांना सांगितलं. सगळं. फोटोही दिला.
त्यांनी फोटो उजेडाला धरून पाहिला. मग, ‘रजिस्टरला काय लिहिलंस?’
‘डिस्टिल्ड.’
‘मग कागदावर ते डिस्टिल्डच. खोटं लिहिलं म्हणतेस तर प्रोजेक्ट रद्द, वर्ष जाईल. आणि एकदा खोटं लिहिणारीचं बाकीचं खरं कोण मानेल?’
पुन्हा तपासू म्हटलं तर किट संपलंय. सरकारी लॅबला पाठवायचं तर प्राचार्य फादरचं पत्र हवं. ‘परवापर्यंत विचार कर,’ म्हणाले. फोटो त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवला.
संध्याकाळी दोन ज्युनिअर फिल्टरशी उभ्या होत्या. नळ बिघडलाय म्हणून सांगितलं. ‘हाव का दीदी?’ म्हणाल्या अन् स्वयंपाकघरातल्या नळावर गेल्या. तोही त्याच टाकीचा.

२८ फेब्रु., शनि.
आज सरांना उत्तर द्यायचं होतं. सकाळी अंघोळ करून खाली उतरले तर व्हरांड्यात रूथचे पप्पा. हातात वीस लिटरचा कॅन, फिल्टरखाली लावलेला.
‘डॉक्टर म्हणे, पोरीले शुद्धच पाणी पाजा. आमच्याकडच्या पाण्याचा काय भरोसा? रूथच म्हणे, पप्पा, हॉस्टेलचं आणा.’
अर्धा भरला होता. मी नळ बंद केला.
‘काऊन बाई?’
सांगितलं. टाकी, चेंबर, रेघ, रजिस्टर. सिस्टर मागे कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही.
पप्पांनी कॅन आडवा केला. पाणी पायरीवरून वाहून गेलं.
‘तुले कवा मालूम पडलं हे?’
चार तारखेला, म्हटलं.
त्यांनी बोटांवर दिवस मोजले. एक हात संपला, दुसरा घेतला. मग मान वर केली. ‘तवा तर रूथ धडधाकट होती,’ म्हणाले.
मला रागावले असते तर बरं झालं असतं. सिस्टर त्यांना फादरच्या ऑफिसात घेऊन गेल्या. मला बाकावर बसायला सांगितलंय. अर्धा तास झाला, दार बंद आहे.