गिरणेची वाळू आणि माझी मिशी

रा. रा. साडूभाऊ अभिमनराव यांना जळगावहून पितांबरचा मिशीसकट नमस्कार.

आमच्या मेहुणीबाईंचे गुडघे आता बरे असतील, तुमच्या हापूसला गिऱ्हाईक मिळालं असेल आणि तुमची वाळूची खाण अजून जागेवर असेल, अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम. ऊन मात्र असं की दुपारी फौंड्रीतल्या भट्टीजवळ गेलं तर गार वाटतं. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही मधेच बोलता. हे पत्र तुम्हाला शेवटपर्यंत गप्प बसून वाचावं लागेल, आणि ते सुख मी आजवर कधी अनुभवलेलं नाही. तर मुद्द्याचं आधी सांगून टाकतो: मी जिंकलो.

धुळ्याचं लग्न आठवतंय ना? वरण-बट्टीच्या पंगतीत, मी बट्टी चुरत असताना, तुम्ही सगळ्या सोयऱ्यांत म्हणालात की गिरणेची वाळू घरं बांधायला ठीक आहे, पण इंजिनाचे भाग ओतायला कोकणातली पांढरी वाळूच लागते. (तुम्ही मूळचे पारोळ्याचे. कणकवलीकडच्या खाणीत नोकरी लागली म्हणून माणूस घरची नदी विसरतो?) माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. तूप असेल. मी ताटावरून उठलो आणि सर्वांदेखत शपथ घेतली की यापुढे माझ्या फौंड्रीत फक्त गिरणेची वाळू, आणि तिच्यातून पुण्याच्या कंपनीचे नग पास झाले नाहीत तर ही मिशी उतरवीन! लोकांनी टाळ्या वाजवल्या. बँडवाल्याने तर बँड वाजवला. माझी मिशी तुम्हाला ठाऊक आहे. बाजारात लोक आधी तिला रामराम करतात, मग मला.

आता आमचा माल तुम्हाला माहीत असला तरी मेहुणीबाई वाचत असतील म्हणून सांगतो. गाडीच्या इंजिनातला धूर बाहेर नेणारी नळ्यांची जुडी असते, मॅनिफोल्ड म्हणतात तिला, ती आम्ही ओततो. दिसते थेट केळीच्या फणीसारखी, त्यामुळे ती जळगावात बनावी हे मला नेहमीच रास्त वाटत आलंय. वाळूत चिकण माती आणि कोळशाची पूड कालवून काळा साचा करायचा, नळी पोकळ राहावी म्हणून आत कोऱ्या वाळूची घट्ट कांडी ठेवायची, आणि वरून लोखंडाचा रस सोडायचा. गार झालं की साचा फोडायचा. एवढं सोपं काम आहे, पण त्यात शपथ घालायची नसते.

पहिला घाणा असा निघाला की आमचा जुना मोल्डर पंडित साचा फोडून ओरडलाच, “आबा, बठ्ठं चिकटी गयं!” वाळू लोखंडाला जाऊन बसली होती. भरताच्या वांग्याची साल निघते, ही निघेना. छिन्न्या बोथट झाल्या, माणसं बोथट झाली. मी म्हटलं, नदीची वाळू आहे, अंगावर गाळ असणारच. दुसऱ्या खेपेला वाळू धुतली, वाळवली, चाळली, नारळ फोडला, तुमच्या मेहुणीने (म्हणजे आमच्या प्रमिलाबाईंनी) गिरणेची खणानारळाने ओटी भरली. ह्या वेळी नग चिकटले ते चिकटलेच, वर आतून भोकं! एक नग उन्हात धरला तर त्यातून पलीकडचा कडुनिंब दिसला. पंडित म्हणाला की चहा गाळायला चालेल. मी त्याच्याशी अर्धा दिवस बोललो नाही.

इथे आमची शीतल पुढे आली. पोरीने भूशास्त्रात एम.एस्सी. केलंय हे तुम्ही जाणताच. घरात चमच्यांपेक्षा दगड जास्त आहेत. ती म्हणाली, आबा, अख्खा खान्देश हेच एक ओतकाम आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमीन फाटून रस बाहेर आला, थरावर थर साचला आणि गार झाला, तो आपला काळा दगड. आपली गिरणा त्याचाच भुगा वाहून आणते. हा दगड एकदा वितळून आलेला आहे, त्याला पुन्हा वितळायला कसली लाज? तुम्ही वरून चौदाशे अंशांचा रस ओतता, हा दगड बाराशेच्या आतबाहेरच पाघळतो आणि लोखंडाच्या गळ्यात पडतो. काकांची पांढरी वाळू गारगोटीची. ती सतराशेपर्यंत ढिम्म हलत नाही. मी विचारलं, आणि भोकं? तर तिने शोकेसमधला गुलाबी स्फटिकांचा दगड माझ्या हातात ठेवला. म्हणे त्या जुन्या रसातही हवेचे बुडबुडे अडकले, भोकं राहिली, आणि भोकांत हे खडे वाढले. ह्यांच्या पोटात पाणी असतं. तापले की वाफ सोडतात. वाळूत त्यांचाही चुरा आहे.

म्हणजे बघा, साडूभाऊ, पोटच्या पोरीने मला सांगितलं की आपला सगळा मुलूख हा भोकं पडलेला, नापास झालेला माल आहे! मी मिशीला पीळ दिला आणि पैज लावली. पुण्याच्या कंपनीचे तपासनीस गुरुवारी येणार होते. त्यांनी गिरणेचे नग नाकारले तर फौंड्रीचं वाळूघर तुझं, तू सांगशील ती वाळू. पास केले तर दगड माळ्यावर, आणि धुळ्याहून सांगून आलेला तो मुलगा आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, तुला बघायला येईल. (मुलगा चांगला आहे. फोनवर त्याने फक्त एवढंच विचारलं की दगड सोबत आणणार का.) पोरगी तेव्हा लालबुंद झाली होती. ह्या वाळूघरासाठीच ती नाशिकची नोकरी सोडून आली, हे मलाही कळत होतं. पण शपथ ती शपथ.

मग मी पारोळ्याला एका साखरपुड्याला गेलो. जाताना पंडितला बजावून गेलो की वाळू तीच, फक्त आणखी धुवा. परत आलो तर घाणा निघालेला, आणि काय सांगू! नग असे की कासाराच्या दुकानात मांडावेत. तपासनिसांनी हातोडी मारली तर देवळातल्या घंटेसारखा नाद. सगळे पास! मी पेढे वाटले, नदीच्या दिशेने हात जोडले, पंडितला मिठी मारली (तो जरा अवघडला). शीतलने एका शब्दानेही वाद घातला नाही. “तुम्ही जिंकलात आबा,” म्हणाली आणि आपले दगड वर्तमानपत्रात गुंडाळायला बसली. तेव्हा आता मान्य करा, साडूभाऊ, आणि चारचौघांत मान्य करा, की गिरणेच्या वाळूसारखी वाळू नाही.

आपला विजयी,
पितांबर

ता. क. तिकीट आणायचं राहिलं म्हणून पत्र दोन दिवस टेबलावर पडून होतं. काल पास झालेल्यांतला एक नग शोकेसमध्ये, दगडांच्या रिकाम्या जागी ठेवायला उचलला. नळी उपडी केली तर आत अडकलेली चिमूटभर वाळू तळहातावर सांडली. पांढरी, साखरेसारखी. साचा काळाच असतो, त्यात कुठली वाळू आहे ते कुणाला कळत नाही, पण कांडीची वाळू कोरी असते. आमची गिरणा पांढरी कधी झाली? प्रमिलाबाईंना विचारलं. त्या भाकरी थापत होत्या, वर न बघता म्हणाल्या, “तुमनी मिशी वाचाडासाठे पोर हारनी. आते तरी डोया उघडा.” म्हणजे मी पारोळ्यात जेवत असताना तुमचा ट्रक इथे रिकामा झाला! शीतलने मागवला, तुम्ही पाठवलात, पंडितने उतरवला, सगळे गप्प बसलात. आणि पोरीने स्वतःचं वाळूघर घालवलं, कारण बापाला लोकांनी हसलेलं तिला बघवलं नसतं. मला रडू आलं, ते लिहायला लाज वाटत नाही. आधीची पानं फाडणार होतो, पण हात दुखेपर्यंत लिहिलीत, तेव्हा वाचाच.

ता. ता. क. खरं काम हे: अजून दोन ट्रक पांढरी वाळू पाठवा. ह्या वेळी भरदिवसा, ताडपत्री न टाकता, आमच्या गेटसमोर हॉर्न वाजवत. वाळूघरावर शीतलच्या नावाची पाटी लागलीय. धुळ्याच्या मुलाला मी कळवलं की दगड सोबत येतील, आणि बघायला यायचं की नाही ते आता ती ठरवेल. दगड मी स्वतः शोकेसमध्ये परत लावले. उलटे लावले म्हणून बोलणी खाल्ली. तिची बडबड पुन्हा सुरू झालीय, घर भरल्यासारखं वाटतंय.

ता. ता. ता. क. मेहुणीबाईंना घेऊन आखाजीला नक्की या. मी स्टेशनवर घ्यायला येईन. फक्त गर्दीत मिशी शोधू नका. शीतलशेजारी जो उघड्या ओठांचा, ओळख न पटणारा माणूस हसत उभा असेल, तो मी.