नाशकातला शोफार

१४ सप्टेंबर १९९७, रविवार
सासूबाईंचा पाय प्लॅस्टरमध्ये. आम्हा ज्यूंच्या नव्या वर्षाच्या सणाला मुंबईच्या सिनेगॉगमध्ये जाणं बाद. लग्नानंतर पहिल्यांदाच सण नाशकात. सासूबाईंना एकच रुखरुख. "शोफार कानावर पडला नाही, तर वर्ष लागलंच नाही बघ." मामंजींचा शोफार, फुंकायचं मेंढ्याचं शिंग, कपाटात आहे, पण मामंजी गेल्यापासून त्याला कुणी तोंड लावलेलं नाही. सॅमसन म्हणाले, "मी फुंकतो की, आई. त्यात काय!"

१७ सप्टें.
त्यात काय, ते कळलं. गाल लालबुंद, आवाज शून्य. अगदी शेवटी एक हंबरडा निघाला. शेजारच्या कुसुमवहिनी मळ्यातून धावत आल्या, "कुणाची म्हैस अडली व्हय?" सासूबाई हसून हसून खोकल्या.

२८ सप्टें., रवि.
सॅ.चा ओठ सुजलाय. ऑफिसात सगळे विचारतात. सासूबाई खाटेवरून, "गाल नको फुगवूस रे. ओठ आवळ." त्यांना कसं माहीत? म्हणे मामंजी घरी सराव करायचे, तेव्हा या समोरच पोळ्या लाटायच्या.

१ ऑक्टो., दुपार
चिकाचा हलवा. गव्हाचा चीक, नारळाचं दूध, थोडा गुलाबी रंग. ढवळून ढवळून माझा खांदा गेला. कु. वहिनींची उद्या घटस्थापना, तरी आल्या, कलथा घेतला. "लय घट्ट हाय हो ह्ये!" जमला. सॅ.चं मात्र अजून...

५ ऑक्टो., रवि.
सणात लिहीत नाही, म्हणून आज.
गुरुवारी सकाळी प्रार्थना झाली. सॅ. उभे राहिले. फुंकलं. हवा. पुन्हा हवा. सासूबाई डोळे मिटून वाट बघत होत्या. मला बघवेना. मग सासूबाईंनीच हात पुढे केला. "आण इकडे."
"अगं आई, बायका कुठे..."
"इथे कोण अडवतंय?"
पदर सावरला, पाठ ताठ केली. आणि काय तो सूर! लांबलचक, स्वच्छ. मग तुटक तुटक, रडल्यासारखे. अंगावर काटा. सॅ. एकाच वेळी हसत होते नि डोळे पुसत होते. कुंपणापलीकडून कु. वहिनी, "पुन्हा वाजवा की, आजी!"
सासूबाईंनी शिंग मांडीवर ठेवलं. स्वतःच चकित झाल्या होत्या. मग हलवा मागितला. डायबेटिस असून दोन वड्या. कोण बोलणार?
शुक्रवारीही त्यांनीच.
आज सॅ.नी मुंबईला मामांना फोन केला, बाईनं फुंकलेला चालतो का? सिनेगॉगमध्ये विचारून सांगतो म्हणाले. शनिवारी किप्पूरचा, प्रायश्चित्ताचा उपास, तो सुटताना पुन्हा शोफार लागणार. सॅ. पुन्हा ओठ आवळून बसलेत. सासूबाई शिंग द्यायला तयार नाहीत.