जुन्या मोटारीची मागची सीट

मी, एनिड हॉलिन्सहेड, वय वर्षे ब्याऐंशी, राहणार नँटविच, परगणा चेशर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, अक्कलहुशारीने लिहीत आहे. गुडघे गेले, पण डोके जागेवर आहे. ज्याला शंका असेल त्याने माझ्याशी पत्ते खेळून पाहावेत.

यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करते. माझे दफन आईशेजारी करावे, नवऱ्याशेजारी मुळीच नको, असे त्यात लिहिले होते. ते का बदलले, ते खाली सांगते.

कलम १. घर व चहाचा चिनीमातीचा सेट मुलगी मॉरीनला. नणंद हिल्डाला त्यातली बशीसुद्धा देऊ नये. का, ते तिला ठाऊक आहे.

कलम २. जुनी मोटार. माझा नवरा विल्फ याने ती एका गिरणीमालकाच्या विधवेकडून घेतली. लांबलचक, काळी, पुढच्या व मागच्या सीटमध्ये काच. चाळीस वर्षे त्याने मला मागेच बसवले. पुढे येते म्हटले की, "अगं, पुढे तुझं काय काम? मागे बस गुमान!" चर्चच्या दारात बायका म्हणत, "आल्या बाईसाहेब, ड्रायव्हर घेऊन!" विल्फ नुसता हसे. नवऱ्याला बायको शेजारी नको, याहून मोठा अपमान कोणता? तो गेला, पण तो सल काही गेला नाही.

गेल्या ईस्टरला जावई क्लाइव्ह आपली नवी आलिशान गाडी घेऊन आला. माझ्या डोक्यात किडा वळवळला. नवी चांगली की जुनी, एकदा बघूच! दोन्ही मीच चालवणार, रस्ता तोच, पलीकडच्या ऑडलेम गावापर्यंत. "सासूबाई, नुसतं बोट लावा, ती आपली आपण जाते!" क्लाइव्ह ओरडत होता. खरेच की! सीट अंग शेकते, पाठ चेपते. मग मागे बसून पाहिले. तिथेही मऊ आहे, पण काळ्या काचा, बाहेरचे धड दिसेना. सगळे लाड चालवणाऱ्याचे.

मग जुनी. अगं बाई! काचेमुळे पुढची सीट मागे सरकतच नाही. पाय इंजिनाने भाजतात, मानेवर गार वारा, आणि वळणावर जड स्टिअरिंग फिरवताना खांदे निखळतात. मागे मात्र ऊब, पायाखाली लोकर, ऐसपैस जागा. आणि विल्फ सहा फूट उंच! ऑडलेम येईतो मला रडू कोसळले.

"काय झालं? लागलं का कुठे?" क्लाइव्ह घाबरला.

"गप बस जरा," मी म्हटले.

कलम ३. ही मोटार क्लाइव्हला. प्रदर्शनात मिरवायला नव्हे. माझ्या अंत्ययात्रेला त्याने ती स्वतः चालवावी व मॉरीनला मागे बसवावे. कुरकुर केल्यास मोटार विकून पैसे मॉरीनने घ्यावेत.

कलम ४. माझे दफन विल्फशेजारी करावे. एवढा त्रास सोसत होता, तर तो कधी बोलला का नाही? की त्याला मी खरोखरच शेजारी नको होते? मला अजूनही नक्की कळलेले नाही. क्लाइव्ह म्हणतो, "जाऊ द्या हो, आता कोणाला विचारणार?"

त्यालाच विचारणार.

सही: एनिड हॉलिन्सहेड
नँटविच, १२ सप्टेंबर २०२३

बाईंनी आम्हा दोघांच्या देखत सही केली. आम्हाला यातले काहीही मिळणार नाही, हे त्यांनी दोनदा बजावले.

साक्षीदार:
डोरीन प्लॅट, शेजारीण
ट्रेव्हर वेकफील्ड, निवृत्त पोस्टमन